छाया : मुंजाजी खंदारे

छापून आलेल्या फोटोचे चाळीस रुपये,
न आलेल्याचं पेट्रोल आपलंच.
परभणीत वीस वर्षं हाच हिशेब,
आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात नाव.

सकाळी जिंतूर रोडला उलटलेला टेम्पो,
दुपारी कन्या शाळेचं स्नेहसंमेलन.
कार्डात दोन्ही शेजारी शेजारी,
चारशे बाराच्या पाठीला पाठ लावून चारशे तेरा,
मधे हात धुवायलाही जागा नाही.
डेस्कवरून फोन : आडवा नको, उभा पाठव,
खाली टाइल्सची जाहिरात आलीय.

मयतीच्या घरी मी चपला काढतो
आणि लेन्सला झाकण लावूनच आत जातो.
कोणी म्हणतं, घ्या भाऊ, घ्या, पेपरात येऊ द्या.
कोणी म्हणतं, काहून आलास?
दोघांचंही बरोबर असतं.

गंगाखेडला, घाटावर,
सगळं गाव पाण्याकडं बघत होतं
आणि एक पोरगं माझ्याकडं.
हसलं ते.
कॅमेरा दिसला की हसायचं, एवढंच कुणी शिकवलेलं.
बुडालेल्याचा धाकटा भाऊ, हे नंतर कळलं.
तो फोटो मी पाठवला नाही.
पुसलाही नाही.

उरुसाचे पाळणे शहरात लागले त्या आठवड्यात
अख्तरबी आल्या, जावयाच्या स्कूटीवर मागं बसून.
शेख गफूर गेले. नूर ब्रास बँडचे, ट्रम्पेटवाले.
निधन वार्तेला फोटो नाही.
आधार कार्डावरचा?
"त्यात ते चोरासारखे दिसतात.
तुमच्याकडं असतीलच ना भाऊ,
पुऱ्या शहराच्या वराती तुम्हीच काढल्या."

दोन रात्री शोधले.
जुनी हार्डडिस्क दळणासारखी घरघरायची,
बायको आतून म्हणायची, झोपा आता.
नगरसेवकाच्या मिरवणुकीत
जेसीबीतून ओतलेल्या गुलालाखाली गफूरभाई,
अर्धेच.
गणपतीत, झेंड्यामागं.
चौदा एप्रिलला, निळ्या उजेडात, एक कान आणि ट्रम्पेटचं तोंड.
कुठल्याशा लग्नात घोड्याच्या शेपटीपलीकडं.
सगळीकडं गाल फुगलेले, डोळे मिटलेले.
सगळीकडं मी दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो घेत होतो.

मग एक सापडला.
वरात थांबलेली, बहुतेक लाइट गेली असावी.
रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेत,
ट्रम्पेट मांडीवर, रुमालानं तोंड पुसतायत,
चेहरा पुरा, शांत.
वर रिकिबीत नवरदेवाचा बूट होता, तो कापला.
उजेड वाढवला. मोठा केला.
मला वाटलं, हाच.

अख्तरबींनी बराच वेळ पाहिला.
"नक्को भाऊ, ये नक्को.
असे तर ते दोन वर्षं रोजच बसायचे,
खाटेच्या कडेला, तोंडाला रुमाल लावून,
एक एक दम मोजत."
आणि गुलालातल्या त्या अर्ध्या माणसावर बोट ठेवलं.
"इथं दम भरलेला आहे.
हाच द्या."

अर्धा चेहरा चालत नाही, डेस्क म्हणालं.
चार ओळी आल्या, बिनफोटोच्या,
गावाचं नाव चुकलेल्या.

प्रिंट त्यांनी भिंतीला लावायला नेली नाही.
पेटीत ठेवीन म्हणाल्या, त्यांच्या बँडच्या कोटात,
तो लाल आहे, गुलालाला गुलाल लागेल.
पैसे नकोत म्हणालो तर उठेनात.
मग सांगितला तो एकच रेट मला पाठ होता.
पन्नासची नोट दिली, घडी घालून घालून मऊ झालेली.

सुट्टे नव्हते माझ्याकडं.
दहा रुपये अजून द्यायचे आहेत.